रूपांतरात हरवलेली निवेदिका : जेन ऑस्टेनच्या कादंबऱ्या आणि पडदा

साहित्यकृतीवर आधारित चित्रपटाची चर्चा बहुधा निष्ठेच्या निकषाभोवती फिरत राहते. कोणता प्रसंग गाळला, कोणता वाढविला, वेशभूषा काळाला धरून आहे की नाही, याची मोजदाद होते आणि तिलाच समीक्षा मानले जाते. जेन ऑस्टेनच्या कादंबऱ्यांच्या बाबतीत हा निकष विशेषच तोकडा पडतो. या प्रणयप्रधान सुखात्मिकांचे मर्म कथानकापेक्षा निवेदनात अधिक आहे. कथानक जसेच्या तसे पडद्यावर आणता येते. निवेदिका मात्र वाटेतच गळून पडते.

‘प्राइड अँड प्रेज्युडिस’च्या (१८१३) आरंभी श्रीमंत अविवाहित पुरुषांविषयीचा एक सिद्धान्त तत्त्वज्ञाच्या थाटात मांडला जातो, आणि लगेच पुढे तो उपवर मुली असलेल्या शेजारच्या कुटुंबांचा समज असल्याचे उघड होते. सिद्धान्ताचे गांभीर्य आणि शेजाऱ्यांची हाव हे दोन स्वर तेथे एकत्र नांदतात. १९९५ च्या बीबीसी मालिकेत पटकथाकार अँड्र्यू डेव्हिस यांनी ते वाक्य एलिझाबेथच्या तोंडी घातले. वाक्य वाचले, पण तरतरीत मुलीचा घरगुती टोमणा एवढेच त्याचे रूप उरले. याच मालिकेतील, कादंबरीत मुळीच नसलेले, डार्सीचे तळ्यात उडी घेणे प्रेक्षकांच्या अधिक लक्षात राहिले, हे पुरेसे बोलके आहे.

‘एमा’च्या (१८१५) बाबतीत हानी अधिक खोल आहे. या कादंबरीत तृतीयपुरुषी निवेदनातच एमाचे ग्रह अशा रीतीने मिसळलेले असतात की वाचक ते वस्तुस्थिती म्हणून स्वीकारतो. एमा हॅरिएटचे चित्र काढते, मिस्टर एल्टन त्या चित्राची वारेमाप स्तुती करतो, आणि तो हॅरिएटवर अनुरक्त आहे असे एमाप्रमाणेच पहिल्या वाचनात वाचकालाही वाटू शकते. पुढे बग्गीत त्याने एमालाच मागणी घातली की फजिती दोघांचीही होते. कॅमेऱ्याला ही लबाडी सहजी साधत नाही. नटाची नजर कोठेतरी ठेवावीच लागते, आणि ती चित्रकर्तीवर खिळलेली दिसली की प्रेक्षक शहाणा होतो. डग्लस मॅक्ग्रा यांच्या १९९६ च्या चित्रपटात ग्वीनेथ पॅल्ट्रोची एमा चुकत राहते. प्रेक्षक उंचावर बसून तिला हसतो. ऑस्टेन वाचकाला ज्या परीक्षेला बसविते, तिच्यातून त्याची परस्पर सुटका होते.

या दृष्टीने एमी हेकर्लिंग यांचा ‘क्लूलेस’ (१९९५) अधिक विचारार्ह ठरतो. हायबरीच्या जागी बेव्हर्ली हिल्स आणि एमाच्या जागी शेर होरोविट्झ ही शाळकरी मुलगी आणणारा हा चित्रपट निष्ठेच्या कसोटीवर कधीच उतरणार नाही. परंतु शेर पडद्याआडून स्वतःची हकीकत ठाम आत्मविश्वासाने सांगत असते आणि समोरचे दृश्य तिला खोटे पाडीत असते. निवेदन व वस्तुस्थिती यांतील अंतर, म्हणजेच ऑस्टेनचा उपरोध, येथे दुसऱ्या मार्गाने परत मिळविला गेला आहे. मात्र बॉक्स हिलवर एमा दरिद्री मिस बेट्सचा जो अपमान करते, त्याचा दाह येथे नाही. एल साल्वादोरच्या मोलकरणीला शेर मेक्सिकन समजते, ती रागावून निघून जाते, आणि प्रकरण तेथेच मिटते.

आर्थिक भयाचा हा प्रश्न टाळण्यासारखा नाही, कारण ऑस्टेनच्या विनोदाला धार येते ती त्यामुळेच. ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’मध्ये (१८११) जॉन डॅशवुडने सावत्र बहिणींना देऊ केलेले तीन हजार पौंड पत्नीच्या युक्तिवादाने पायरीपायरीने शून्यावर येतात. अँग ली यांच्या १९९५ च्या चित्रपटात एमा थॉम्प्सन यांच्या पटकथेने हा संवाद तुटक दृश्यांत विभागून वेगाने खाली आणला आहे. प्रसंग मुळातच नाट्यमय असल्याने निवेदिकेची उणीव येथे भासत नाही. उलट सत्तावीस वर्षांची शार्लट लुकस कॉलिन्सशी विवाह का करते, हे कादंबरीत निवेदिका थंडपणे नोंदविते, तर जो राइट यांच्या २००५ च्या चित्रपटात शार्लट आपली भीती स्वतःच बोलून दाखविते. प्रेक्षक हेलावतो हे खरे, पण त्या थंडपणातील क्रौर्य नाहीसे होते.

स्त्रीचे घर पुरुष वारसाच्या हाती जाणे हा अनुभव भारतीय प्रेक्षकाला समजावून द्यावा लागत नाही. राजीव मेनन यांच्या ‘कंडुकोंडेन कंडुकोंडेन’ (२०००) या तमिळ रूपांतरात आजोबांच्या मृत्युपत्रामुळे आई आणि मुली घराला मुकतात, तेव्हा कथेचा आर्थिक पाया कोणत्याही निवेदनाविना उभा राहतो. पण तेथील थोरली बहीण चेन्नईला येऊन नोकरी धरते. ऑस्टेनच्या एलिनरला ही वाट नव्हती. विवाह हाच तिचा निर्वाह होता. वाट मोकळी होताच त्या कथेतील विवाह निखळ प्रणयाचा विषय होतो, आणि उपरोधाला उभे राहण्यास जागाच उरत नाही.