विचारण्याचा अधिकार

लग्न ठरविताना आपल्याकडे चौकशी थोडीथोडकी होत नाही. मुलाचा पगार किती, जागा स्वतःची की भाड्याची, पाठच्या बहिणी उजवायच्या राहिल्या आहेत काय, येथपासून नाडी आणि मंगळापर्यंत सारे खोदून विचारले जाते. हा गृहस्थ हात उचलतो काय, हा एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. बिजवराला मुलगी देतानाही पहिली माहेरी का निघून गेली, याचा उलगडा 'पटले नाही' या दोन शब्दांवर भागविला जातो. इंग्लंडमध्ये हाच प्रश्न थेट पोलिसांना विचारता येतो. त्यामागची हकीगत आपणही जाणून घेण्यासारखी आहे.

२००९ च्या फेब्रुवारीत मँचेस्टरजवळच्या सॅल्फर्ड येथे क्लेअर वुड या ३६ वर्षांच्या स्त्रीचा तिच्या पूर्वीच्या मित्राने खून केला. इंटरनेटवरून ओळख झालेल्या या माणसाने आधीच्या स्त्रियांचाही छळ केला होता. एकीला चाकूच्या धाकाने पळवून नेल्याबद्दल तो तुरुंगात जाऊन आला होता. पोलिसांच्या दप्तरी हे सारे नोंदलेले होते. क्लेअरला हे ठाऊक असते तर ती त्याच्यापाशी राहिली नसती, एवढेच तिचे वडील मायकेल ब्राउन यांचे म्हणणे होते. त्यांच्या चिकाटीमुळे २०१२ मध्ये काही पोलीस विभागांत प्रयोग झाला आणि ८ मार्च २०१४ पासून ही योजना इंग्लंड व वेल्समध्ये सर्वत्र लागू झाली. लोक तिला 'क्लेअरचा कायदा' म्हणतात. परंतु तिच्या नियमावलीला कायद्याचा आधार मिळाला तो २०२१ च्या घरगुती अत्याचारविषयक कायद्यानेच.

अर्ज स्वतः जोडीदाराला करता येतो. आईबाप, मित्र, शेजारी यांनाही करता येतो. मात्र माहिती मिळते ती जिच्या जिवाला धोका आहे तिला, किंवा तिचे रक्षण करू शकेल अशा व्यक्तीला. शेजाऱ्याची जिज्ञासा भागविण्यासाठी ही सोय नाही. माहिती तोंडी सांगितली जाते, कागद हाती दिला जात नाही आणि गुप्ततेचे बंधन घातले जाते. कोणी विचारले नाही तरी धोका दिसल्यास पोलीस आपण होऊन सांगू शकतात. पुरुषांनाही हाच हक्क आहे.

शिक्षा भोगून आलेल्या माणसाच्या कपाळी कायमचा डाग का लावावा, हा आक्षेप पोकळ नाही. परंतु कोर्टात उघडपणे सिद्ध झालेली गोष्ट त्याच घरात राहणाऱ्या स्त्रीपासून लपवून ठेवणे, ही कोणत्या न्यायाची रीत? आम्हांला खरी अडचण वेगळीच दिसते. पोलिसांना ठाऊक असते ते तक्रार झाली तेवढेच, आणि घरातला मार बहुधा चौकीपर्यंत पोहोचत नाही. 'सांगण्यासारखे काही नाही' हे उत्तर म्हणजे सच्छीलतेचा दाखला समजून कोणी निर्धास्त झाली, तर या योजनेने तिचे नुकसानच होईल. आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. क्लेअरने मृत्यूपूर्वी स्वतः पोलिसांकडे तक्रारी केल्या होत्या, आणि त्या हाताळण्यात झालेल्या चुकांवर चौकशीत ठपकाही ठेवण्यात आला. अखेरच्या महिन्यांत तो माणूस कसा आहे हे तिला पुरते कळून चुकले होते. कमी पडले ते संरक्षण.

आपल्याकडे भाडेकरू ठेवला तर त्याची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी लागते, पासपोर्टसाठी पोलीस घरी येऊन चौकशी करतात. जन्माच्या जोडीदाराबाबत मात्र अशी कोणतीच सोय नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने संरक्षणाचा आदेश, राहत्या घराचा हक्क आणि संरक्षण अधिकारी दिले. पूर्वेतिहास विचारण्याचा हक्क त्यात नाही. तो असावा, असे आमचे मत आहे. पण त्याआधी संरक्षण अधिकारी जागेवर हवेत. कायदा अमलात येऊन जवळजवळ दोन दशके लोटल्यावर, २०२५ मध्ये, हे अधिकारी नेमा म्हणून सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना बजावावे लागले. पोलिसांकडून खरे उत्तर ऐकून त्याच रात्री घराबाहेर पडणारी बाई दार ठोठावणार आहे ते या अधिकाऱ्याचे.