शीतगृहाच्या छतावरील उपेक्षित यंत्र

द्राक्षाच्या हंगामात बागाईतदार वेलीवरील प्रत्येक घडाची काळजी वाहतो. छाटणीपासून तोडणीपर्यंत पानावरील डाग, मण्यांचा आकार, रसाची गोडी यांवर त्याची सारखी नजर असते. परंतु तोच माल सहकारी शीतगृहाच्या दारातून आत गेला की त्याची काळजी मिटते. यंत्र आपले काम करील, असा सर्वसाधारण समज दिसतो. हा समज महाग पडणारा आहे, व तो दूर करणे हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे कर्तव्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तोडलेले द्राक्ष सजीव असते. त्याचे श्वसन चालू राहते आणि त्यातून उष्णता बाहेर पडते. यास्तव तोडणीनंतर काही तासांतच पूर्वशीतकरण (प्रीकूलिंग) करून त्याचे तापमान सुमारे ४ अंश सेल्सिअसवर आणावे लागते. पुढे माल ० ते १ अंश तापमानात व ९० ते ९५ टक्के आर्द्रतेत ठेवावा लागतो. यात विलंब झाला तर प्रथम देठ तपकिरी होऊन सुकतात, मग मणी मऊ पडतात, आणि वर्षभराच्या कष्टाचा भाव घसरतो.

शीतयंत्र थंडी निर्माण करीत नाही. ते आतील उष्णता उचलून बाहेर टाकते. हे टाकण्याचे काम कंडेन्सर करतो. तो बहुधा छतावर, म्हणजे कोणाच्या नजरेस न पडणाऱ्या जागी असतो. नाशिक-सांगलीकडे मार्च-एप्रिलात ऊन तापते, मालाच्या गाड्यांमुळे धूळ उडते, व पंख्याने ओढलेली ही धूळ कंडेन्सरच्या पातळ पात्यांत घट्ट बसते. मग उष्णता कोंडते, गॅसचा दाब वाढतो आणि कॉम्प्रेसरला अधिक जोर करावा लागतो. कंडेन्सरमधील गॅसचे तापमान १ अंशाने वाढले की विजेचा खर्च साधारणतः २ ते ३ टक्क्यांनी वाढतो. दाब फार वाढला तर यंत्र आपोआप बंद पडते, आणि तेही नेमके खोली मालाने भरलेली असताना.

‘देखभालीचा करार कंपनीशी केलेला आहे,’ असे उत्तर यावर मिळते. करार अवश्य असावा. गॅस, तेल व विजेची जोडणी यांना शिकलेल्या तंत्रज्ञाखेरीज कोणी हात लावू नये. परंतु तंत्रज्ञ वर्षातून मोजक्या वेळा येतो. धूळ रोज येते. ‘हंगामात यंत्र बंद ठेवण्यास सवड कोठे?’ हा दुसरा आक्षेप. आदल्या दिवसाचा माल साठवणुकीच्या खोलीत हलविल्यानंतर नवा माल येईपर्यंत पूर्वशीतकरणाची खोली रिकामी असते. तेवढा वेळ तिच्या यंत्राच्या सफाईस पुरतो. साठवणुकीच्या खोलीला एकाहून अधिक यंत्रे असल्यास ती पाळीपाळीने धुवावीत.

हंगामात आठवड्यातून एकदा पुढील कामे व्हावीत. मुख्य स्विच बंद करून त्यास कुलूप लावावे व किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात असावी. मऊ ब्रशाने पात्यांच्या उभ्या रेषेतच धूळ झाडावी. नंतर हवा ज्या दिशेने आत जाते तिच्या उलट बाजूने, कमी दाबाच्या पाण्याने धुवावे. जोराच्या फवाऱ्याने पाती वाकतात. कंडेन्सरभोवती रिकामे क्रेट वा ताडपत्री ठेवू नये. खोलीतील यंत्रावर बर्फाचा थर साचला आहे काय, पाण्याची नळी तुंबली आहे काय, दाराचे रबर फाटले आहे काय, हे पाहावे. खोलीचा तापमापक महिन्यातून एकदा, ठेचलेला बर्फ व थोडे पाणी यांच्या मिश्रणात बुडवून पारखावा. तेथे त्याने ० अंश दाखविले पाहिजे. गॅस वारंवार भरावा लागत असेल, तर कोठेतरी गळती आहे. ती शोधून बंद केल्याशिवाय पुन्हा गॅस भरून घेऊ नये.

यात अवघड असे काहीच नाही. उणीव आहे ती जबाबदारीची. बारभाईची शेती, काय लागेल हाती, ही म्हण यंत्रालाही लागू पडते. प्रत्येक संस्थेने या कामासाठी एक माणूस नेमावा, त्याला त्याचा मोबदला द्यावा आणि त्याच्या हाती एक वही द्यावी. तीत तापमान, दाब, विजेचे युनिट व सफाईची तारीख यांची नोंद व्हावी आणि ती वही मासिक सभेत वाचली जावी. कार्यकर्त्यांनी संस्थेस भेट देताना कार्यालयातील खुर्चीवर न थांबता एकदा शिडी चढून छतावर जावे. शीतगृह बांधण्यास अनुदान मिळू शकते. ते राखण्याचे काम मात्र सभासदांनाच करावे लागते.