कचऱ्याच्या ढिगावरचं रान

इस्लापूरच्या माणसाला रान दाखवायला मुंबईला न्यायचं म्हटलं, तर किनवट तालुक्यात कुणीही हसेल. सहस्रकुंडाचा धबधबा जवळ, पैनगंगा अभयारण्य जवळ, आणि सागाच्या झाडाचं तर इथं कुणाला अप्रूपच नाही. तरीही कामानिमित्त नंदीग्राम एक्स्प्रेसनं मुंबई गाठणाऱ्या इस्लापूरकरानं दादरहून लोकलनं सायनला जावं आणि धारावी डेपोसमोरचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान पाहून यावं. किनवटचं जंगल आपसूक उभं राहिलं. हे रान माणसांनी शून्याच्याही खालून उभं केलं.

मिठी नदीच्या काठावरची ही 37 एकर जागा म्हणजे एकेकाळचं मुंबईचं डम्पिंग ग्राउंड. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस इथं कचरा टाकणं थांबलं. पुढच्या दशकात एमएमआरडीएनं डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडियाच्या साथीनं इथं झाडं लावायला घेतली. 22 एप्रिल 1994 रोजी, वसुंधरा दिनी, उद्यान लोकांसाठी खुलं झालं.

आज फाटकातून आत शिरलं की बांद्रा-सायन जोडरस्त्याचा गोंगाट पाच-दहा मिनिटांतच मागं पडतो. झाडी दाट आहे, पायवाटा अरुंद आहेत आणि गळालेली पानं जिथल्या तिथं पडू दिलेली आहेत. खाडीच्या बाजूला कांदळवन आहे. सावलीत शाळेच्या मुलांची रांग फुलपाखरं मोजत चाललेली असते. खाली काय पुरलंय, हे सांगितल्याशिवाय कळत नाही.

जुन्या कचऱ्यावर झाड जगवणं वाटतं तितकं सोपं नसतं. कचरा वर्षानुवर्षं कुजत राहतो आणि कुजताना तापतो. त्यातून मिथेन निघतो आणि मुळांच्या वाट्याची हवा तो बळकावतो. जमीन कुठं एक फूट खचते, कुठं दोन. वर मातीचा थर पसरला तरी तो पातळच राहतो. उंच झाडाला त्यात पाय रोवता येत नाहीत. म्हणून आधी काटक झाडं लावायची, त्यांचा पाचोळा तिथंच कुजू द्यायचा आणि माती तयार व्हायची वाट पाहायची, असा हा धीराचा मामला. रोप लावतानाचा फोटो एका दिवसात निघतो. मातीला दशकं लागतात.

हे सगळ्यात नवलाईनं घडलं ते केनियात, मोंबासाजवळच्या बांबुरीला. सिमेंटसाठी चुनखडी काढून काढून तिथल्या खाणीचं वाळवंट झालं होतं. 1971 मध्ये रेने हॅलर या कृषितज्ज्ञानं तिथं झाडं लावून पाहिली. सुरूची झाडं तगली, पण त्यांची सुयांसारखी पानं कुजेनात. मग हॅलरनं लाल पैसा किडे आणून सोडले. शेकडो पायांच्या या किड्यांनी ती पानं खाल्ली आणि त्यांच्या विष्ठेतून काळी माती तयार होऊ लागली. आज तिथं हॅलर पार्क आहे. जिराफ, पाणघोडे फिरतात. पावसाळ्यात अंगणात वेटोळं करून बसणारा पैसा मराठवाड्यातल्या पोरांनाही चांगला ठाऊक आहे.

जर्मनीत डुईसबुर्गला गोष्ट आणखी निराळी. थिसेन कंपनीचा तिथला लोखंडाचा कारखाना 1985 मध्ये बंद पडला. तिथं उद्यान करताना पेटर लाट्स या रचनाकारानं भट्ट्या पाडल्याच नाहीत. गंजलेली झोतभट्टी चढून वरून शहर पाहता येतं, जुन्या कोळशा-खनिजाच्या कोठारांच्या भिंतींवर गिर्यारोहणाचा सराव चालतो आणि वायूच्या प्रचंड टाकीत पाणी भरून पाणबुडे शिकतात. तेही उद्यान 1994 मध्येच खुलं झालं. महाराष्ट्रात या वाटेनं जाणारं ठिकाण म्हणजे नागपूर जिल्ह्यातलं सावनेर. तिथं वेस्टर्न कोलफील्ड्स (वेकोलि) कंपनीनं कोळसा खाणीच्या परिसरात इको पार्क केला आणि 2016 पासून एमटीडीसीच्या साथीनं पर्यटकांना खाणीचं जग दाखवायला सुरुवात झाली. आदिलाबादमार्गे विदर्भात ये-जा असणाऱ्या इस्लापूरकरांना ते मुंबईपेक्षा जवळ पडेल.

मुंबईतच दुसरं उदाहरण मालाडचं. तिथल्या जुन्या डम्पिंगवर झाडांऐवजी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. जमिनीतून निघणाऱ्या वायूंमुळे कार्यालयांतले संगणक आणि वातानुकूलन यंत्रं वारंवार बिघडतात, अशा तक्रारी पुढं आल्या. कचरा तोच, शहर तेच. वर काय ठेवायचं हा निर्णय तेवढा वेगळा.

हा निर्णय जमिनीच्या भावावर ठरतो. 1982 च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांची सुमारे 600 एकर जमीन मोकळी होण्याच्या वाटेवर आली. 1991 च्या नियमानं त्यातला एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश घरांसाठी आणि उरलेला मालकाला, अशी वाटणी ठरवली होती. 2001 मध्ये नियम बदलला आणि ही वाटणी फक्त आधीच रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती उरली. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो बदल ग्राह्य धरला. परळ-लोअर परळच्या आकाशात आज टॉवर दिसतात, झाडं क्वचितच.

धारावीच्या कडेचं हे रानही त्या हिशेबातून सुटलं नव्हतं. धारावी पुनर्विकासाच्या आराखड्यात त्याचं नाव आलं, तेव्हा पर्यावरण कार्यकर्ते उच्च न्यायालयात गेले. 2023 मध्ये हे उद्यान प्रकल्पात घेणार नाही, असं न्यायालयात सांगण्यात आलं.

उजाड जागा आपल्याकडंही आहेत. नांदेडकडच्या रस्त्यांच्या कामांनी मुरूम-गिट्टीच्या खदानी गावोगावी मागं सोडल्या आहेत. पावसाळ्यात त्यांत पाणी साचतं, उन्हाळ्यात कचरा पडतो. मुंबईला जाणाऱ्या एखाद्या सरपंचानं किंवा शाळेच्या मास्तरांनी धारावीचं उद्यान पाहायचं तर पाऊस ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात, सकाळच्या वेळी जावं. फुलपाखरं तेव्हा भरपूर असतात. रोपवाटिका पाहावी, आणि तिथल्या माणसांना झाडांची नावं विचारण्याआधी एक प्रश्न विचारावा: पहिली दहा वर्षं या जमिनीचं तुम्ही काय केलंत?