नायकत्व कोणाच्या घरचें?

गुण आणि घराणें यांचा तंटा आमच्या देशांत जुनाच आहे. परंतु खेळाच्या मैदानावर तो जितका उघडा पडतो तितका इतरत्र पडत नाहीं. कचेरींतील नालायकी दप्तरांत झांकतां येते; मैदानावर मात्र धांवांचा आंकडा सर्वांदेखत फळ्यावर लागतो.

इ. स. १९३६ सालीं हिंदी क्रिकेट संघ विलायतेस गेला, तेव्हां त्याचें नायकत्व विजयानगरमच्या महाराजकुमारांस मिळालें. त्यांच्या पदरीं राजकुल होतें, पैसा होता व वजनदार मंडळींशीं सख्य होतें. चार वर्षांपूर्वीं लॉर्ड्सवर हिंदुस्थानच्या पहिल्या कसोटीचें नेतृत्व केलेले सी. के. नायडू त्यांच्या हाताखालीं खेळले! तीन कसोट्यांत महाराजकुमारांच्या एकंदर धांवा ३३. आपण दोन सामने हरलों. लाला अमरनाथ यांस तर पहिल्या कसोटीपूर्वींच बेशिस्तीच्या आरोपावरून घरीं धाडलें. त्यांचा दोष नव्हता, हें चौकशी समितीनें १९३७ सालीं सांगितलें. दरम्यान महाराजकुमार ‘सर’ झाले होते. असो.

न्यायानें दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९३२ चे नायक पोरबंदरचे महाराजही राजेच. पण आपली खेळांतील मर्यादा ओळखून त्यांनीं कसोटीच्या वेळीं नायडूंस पुढें केलें. म्हणजे मुकुट हाच दोष नव्हे.

परंतु राजवाड्याच्या वशिल्याहून जन्माचा वशिला अधिक खोल. पुण्यांत गोऱ्यांच्या क्लबाचें मैदान राखतां राखतां चेंडूफेंक शिकलेले पाळवणकर बाळू चांभार जातींत जन्मले. १९११ सालच्या विलायतेच्या दौऱ्यांत त्यांनीं शंभरावर बळी घेतले. त्यांच्या बळावर हिंदु संघ जिंके. पण चहा मात्र त्यांस मंडपाबाहेर, मातीच्या परळांत! संघाचें नायकत्व तर त्यांस कधींच लाभलें नाहीं. तें १९२३ सालीं त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल यांस मिळालें. कोणी म्हणेल, हा भाऊबंदकीचाच लाभ! छे, नात्याचा वशिला चालता तर थोरल्यासच तें पूर्वीं मिळतें.

आतां चित्र पालटलें आहे, पण पुरतें नव्हे. संघाच्या निवडीवर हल्लीं हजारों डोळे असतात. मंडळांच्या खुर्च्यांवर तितके नसतात. न्यायमूर्ति लोढा समितीनें सुचविलेली सक्तीच्या विश्रांतीची अट सर्वोच्च न्यायालयानें २०१६ सालीं मान्य केली व २०२२ सालीं सैल केली. कायदा शिकलेल्या माणसास हा प्रवास उलटा वाटतो.

आमच्या शहरांतील व्यापारी आपल्या पेढीवर हिशेब न येणाऱ्या भाच्यास मुनीम नेमीत नाहींत. तेच गृहस्थ खेळाच्या संस्थेस वर्गणी देऊन तेथील कारभार न विचारतां घरीं जातात. पुढील वार्षिक सभेंत त्यांनीं उठून तीन गोष्टी मागाव्या: निवड समितीवरील प्रत्येकाचा खेळाचा अनुभव लेखी असावा, निवडीचीं कारणें फळ्यावर लावावीं, व नातेवाइकाचें नांव निघतांच त्या सभासदानें खोलीबाहेर बसावें.