वय तेच, उंबरठे वेगळे

बुकित बातोक स्थानकालगतच्या वेस्ट मॉलमधील चित्रपटगृह २०२५ च्या फेब्रुवारीत बंद झाले आणि परिसरातील मराठी कुटुंबांचा शनिवारचा चित्रपट दिवाणखान्यातील पडद्यावर आला. तिकीटखिडकीवर मुलांचे ओळखपत्र पाहणारे आता कोणी नाही. त्यामुळे शीर्षकाखालील वयाचा आकडा नेमके काय सांगतो, हे पालकांनीच जाणून घेणे भाग आहे. तो आकडा मात्र प्रत्येक देशात वेगळे बोलतो.

सिंगापूरच्या वर्गवारीत सहा पायऱ्या आहेत. जी, पीजी आणि पीजी१३ या पहिल्या तीन पायऱ्यांवर कोणालाही मज्जाव नाही. एनसी१६, एम१८ आणि आर२१ या पुढच्या तीन मात्र बंधनकारक आहेत. भारतात २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर ‘यूए’ या प्रमाणपत्राचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले. तरीही ‘यूए १६+’ हा पालकांना दिलेला सल्लाच आहे. चौदा वर्षांचा मुलगा आईवडिलांसह पुण्यात असा चित्रपट पाहू शकतो. सिंगापुरात एनसी१६ चित्रपटाच्या दारातून तोच मुलगा आईवडील सोबत असूनही परत फिरतो. आकडा सोळाचाच, एका ठिकाणी निर्णय घराचा, दुसऱ्या ठिकाणी राज्यसंस्थेचा.

कॉजवे ओलांडून जोहोर बाहरूला गेले की तिसरीच रीत दिसते. २०२२ मधील ‘लाइटइयर’ या अ‍ॅनिमेशनपटात दोन स्त्रियांच्या संसाराचे आणि चुंबनाचे ओझरते दृश्य होते. सिंगापूरने ते दृश्य राखले आणि मुलांसाठी काढलेल्या त्या चित्रपटाला एनसी१६ श्रेणी दिली. मलेशियाच्या मंडळाने ‘पी१३’ देऊ केले, परंतु काटछाटीच्या अटीवर. डिस्नेने ती अट नाकारली आणि चित्रपट तेथे लागलाच नाही. एका देशाने प्रेक्षकांना वगळले, दुसऱ्याने दृश्य वगळू पाहिले. भारताचा कल अनेकदा दुसऱ्या मार्गाकडे असतो. २०२३ मध्ये ‘ओपनहायमर’ला ‘यूए’ प्रमाणपत्र मिळाले, ते नग्न नायिकेच्या अंगावर संगणकाने काळा पोशाख चढवल्यानंतर.

वर्गवारी चित्रपटाच्या आशयाइतकीच त्या त्या समाजाच्या धास्तीचीही नोंद ठेवते. सिंगापूरने जुलै १९९१ मध्ये वर्गवारी सुरू केली, तेव्हा प्रौढांच्या चित्रपटांसाठी वयाची अट अठराची होती. उत्तान चित्रपटांची लाट येताच नागरिकांनी नाराजी व्यक्त केली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ती अट एकवीसवर गेली. शिवाय असे चित्रपट गृहनिर्माण मंडळाच्या वसाहतींतील चित्रपटगृहांत दाखवण्यास मनाई झाली. बुकित बातोक ही अशीच वसाहत. तिच्यासारख्या उपनगरांसाठी प्रेक्षकाच्या वयासोबत चित्रपटगृहाचा पत्ताही दीर्घकाळ निर्णायक ठरला.

धर्माचा विषय आला की दरी आणखी रुंदावते. भारतात ‘ए’ प्रमाणपत्रासह प्रदर्शित झालेल्या ‘द काश्मीर फाइल्स’ला सिंगापूरने मे २०२२ मध्ये कोणतीही श्रेणी देण्यास नकार दिला, मुस्लिमांचे चित्रण चिथावणीखोर व एकांगी असून त्याने धार्मिक सलोखा बिघडू शकतो, असे कारण दिले. न्यूझीलंडने त्याच चित्रपटाची वयोमर्यादा सोळावरून अठरावर नेली. त्याआधी, २०१८ मध्ये ‘पद्मावत’ भारतात ‘यूए’ ठरला, पाकिस्तानने तो काटछाटीविना संमत केला आणि मलेशियाने त्यावर बंदी घातली. यातील कोणत्याही निर्णयामागे निव्वळ बालमानसशास्त्र नव्हते.

सिंगापूरच्या पद्धतीत प्रौढाला बहुधा अखंड कलाकृती पाहायला मिळते, ही तिची जमेची बाजू. किशोरवयीन मुलाबाबत मात्र पालकाचा शब्द तेथे चालत नाही. भारतात पालकाला वाव आहे, पण त्याच्यापर्यंत पोहोचलेला चित्रपट कधी कधी आधीच कातरलेला असतो. आता दोन्ही देशांत ओटीटी मंचांवर श्रेणी दाखवणे बंधनकारक आहे आणि प्रौढांच्या आशयाला कुलूप घालण्याची तरतूदही आहे. त्या कुलपाचा क्रमांक पालकांकडेच असल्याने चित्रपटगृहात न मिळालेला अधिकार घरात त्यांच्याकडे परत आला आहे. भारतातील सुटीत चुलत भावंडांसोबत पाहिलेला चित्रपट सिंगापुरात निषिद्ध का, असे मुलाने विचारले तर ‘नियम आहे’ एवढे उत्तर पुरणार नाही. तो नियम कोणाच्या भीतीतून आला, हेही सांगावे लागेल.