म्हातारा एकटा नव्हता

अर्नेस्ट हेमिंग्वे ह्या अमेरिकन लेखकाची ‘दि ओल्ड मॅन अँड द सी’ ही लघुकादंबरी १९५२ साली प्रसिद्ध झाली. १९६५ साली पु. ल. देशपांडे ह्यांनी ‘एका कोळियाने’ ह्या नावाने ती मराठीत आणली. हे नाव ऐकताच बालपणी शिकलेली, पडूनही पुन्हा चढणाऱ्या कोळ्याची कविता आठवते आणि ‘प्रयत्न सोडू नये’ हेच ह्या पुस्तकाचे तात्पर्य, असे म्हणून आपण मोकळे होतो. ते खोटे नाही. परंतु पुरेसेही नाही, असे माझे मत आहे.

क्यूबाच्या किनाऱ्यावरील सांतियागो ह्या वृद्ध कोळ्याला ८४ दिवस एकही मासा मिळालेला नाही. ८५ व्या दिवशी त्याच्या गळाला १८ फूट लांबीचा, होडीहूनही मोठा मार्लिन मासा लागतो. तिसऱ्या दिवशी तो त्याला जिंकतो. परतीच्या वाटेवर मात्र शार्क, म्हणजे आपल्याकडील मोरी, त्या माशाचे लचके तोडतात आणि किनाऱ्यास लागतो तो केवळ सांगाडा.

समुद्रावर झुंजणारा हात म्हाताऱ्याचाच होता, हे कोण नाकारील? पण तो मासा कोणत्या आमिषाला लागला, हे वाचकांनी पाहावे. ते आमिष मानोलिन नावाच्या मुलाने त्याला दिलेले होते. आदल्या रात्रीचे जेवण त्यानेच आणले, पहाटेची कॉफीही त्यानेच पाजली. भर समुद्रात म्हातारा पुन्हा पुन्हा म्हणतो, तो मुलगा येथे असता तर! आमच्या गोव्याच्या किनाऱ्यावर रापण ओढायला अनेक हात लागतात आणि मासळीचे वाटेही अनेकांचे होतात. जिथे एकच होडी व एकच माणूस दिसतो, तिथेही दुसरा हात असतोच, एवढेच की तो दिसत नाही.

हा मुलगा पूर्वी त्याच्याच होडीवर होता. ४० दिवस मासा न मिळाल्यावर आईबापांनी त्याला दुसऱ्या होडीवर पाठविले. दुर्दैवी माणसाची संगत नको, हा त्यांचा विचार. हिशेबाच्या दृष्टीने तो बरोबरच ठरला. नव्या होडीला पहिल्याच आठवड्यात तीन चांगले मासे मिळाले. तरीही मुलाचे मन म्हाताऱ्यापाशीच राहिले, कारण पाचव्या वर्षापासून त्याला मासेमारी शिकविली ती त्यानेच.

मला ह्या पुस्तकातील खरा प्रश्न येथे दिसतो. परीक्षेत अनुत्तीर्ण झालेल्या मुलाशी बोलू नकोस, असे सांगणारी घरे आपल्यातही आहेत. निकालाच्या दिवशी ज्याच्याभोवती कोणी उभे राहत नाही, असा एखादा मुलगा प्रत्येक वर्गात असतो. त्याला उपदेशाची नव्हे, सोबतीची गरज असते.

शेवटी किनाऱ्यावरील एक प्रवासी बाई तो सांगाडा पाहते आणि तो शार्कचाच समजून त्याच्या शेपटीचे कौतुक करते. जगाला फक्त उरलेली हाडे दिसतात, आणि तीही चुकीची ओळखली जातात. मानोलिनला मात्र म्हाताऱ्याचे जखमी हात दिसतात. तो रडतो, कॉफी आणतो आणि यापुढे तुझ्याबरोबरच येणार, मला अजून पुष्कळ शिकायचे आहे, असे सांगतो.

विद्यार्थिमित्रांनो, सांतियागोसारखे झुंजावे, हे खरेच. पण प्रत्येकाला १८ फुटी मासा भेटेलच असे नाही. मानोलिन होणे मात्र उद्या सकाळीही शक्य आहे.