नदीकाठी दिलेला शब्द

मासे घ्यायला बाजारात गेलो की आपण आधी काय पाहतो? कल्ला उचलून पाहतो, लाल आहे की काळवंडलेला. डोळा पाहतो. बोटाने दाबून पाहतो. ही पारख आपल्याला कोणी पुस्तकातून शिकवली नाही. अम्मीचा, नानीचा हात धरून बाजारात जाता जाता ती आली.

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात वॉशिंग्टन नावाचे राज्य आहे. तिथल्या नद्यांवर गळ टाकणारा माणूस स्टीलहेड हाती लागला की आधी त्याची पाठ पाहतो. शेपटीच्या थोडे अलीकडे, पाठीवर, बोटाच्या पेराएवढा एक मऊ पर असतो. तो कापलेला असेल तर मासा घरी नेता येतो. तो शाबूत असेल तर गळ सोडवून मासा तिथल्या तिथे नदीला परत द्यावा लागतो. फोटोसाठीसुद्धा त्याला पाण्याबाहेर पूर्ण उचलायचे नाही, असा नियम आहे. पहाटेच्या धुक्यात, निर्जन नदीवर, कोणी पाहणारा नसतानाही हा नियम पाळायचा असतो.

हा छोटासा पर इतका महत्त्वाचा का झाला, हे समजून घ्यायचे तर आधी माशाची ओळख हवी.

सॅमन गोड्या पाण्यात जन्मतो आणि खाऱ्या पाण्यात मोठा होतो. डोंगरातल्या थंड ओढ्यात मादी शेपटीने खडी उकरून खळगा करते, त्यात हजारो अंडी घालते आणि वरून पुन्हा खडी लोटते. पिल्ले थोडी मोठी झाली की नदीच्या धारेबरोबर समुद्रात जातात. तिथे काही वर्षे काढून, धष्टपुष्ट होऊन, ती पुन्हा आपल्याच नदीत, बहुतेक वेळा आपल्याच ओढ्यात परततात. किनाऱ्याजवळ आल्यावर वाट दाखवतो तो वास. ज्या पाण्यात जन्म झाला त्या पाण्याचा वास त्यांनी लहानपणीच ओळखून ठेवलेला असतो. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या नद्यांत चिनूक, कोहो, सॉकाय, पिंक आणि चम अशा सॅमनच्या पाच जाती येतात. नदीत शिरल्यावर ते खाणे जवळजवळ सोडून देतात, अंडी घालतात आणि मरतात. त्यांच्या देहांवर अस्वले, गरुड, पाण्यातले किडे आणि काठावरची झाडेसुद्धा पोसली जातात.

स्टीलहेड हा त्यांचाच चुलतभाऊ. आश्चर्य असे की स्टीलहेड आणि ओढ्यातला रेनबो ट्राउट हा एकच मासा आहे. जो नदीतच राहिला तो रेनबो ट्राउट, जो समुद्रात जाऊन आला तो स्टीलहेड. एकाच आईबापाची पिल्लेही दोन वाटांनी जाऊ शकतात. शिवाय स्टीलहेड अंडी घातल्यावर मरतोच असे नाही. काही मासे पुन्हा समुद्रात जातात आणि पुन्हा परत येतात.

हा मासा पकडणे मोठ्या सबुरीचे काम आहे. तिकडे त्याला ‘हजार फेकींचा मासा’ म्हणतात. हिवाळी स्टीलहेड नोव्हेंबर ते एप्रिलच्या सुमारास नदीत चढतो, म्हणजे ऐन थंडी-पावसात. छातीपर्यंतचा रबरी पोशाख घालून माणूस बर्फासारख्या पाण्यात उभा राहतो. पाऊस पडून नदी गढूळ झाली की गळ टाकण्यात अर्थ नसतो. पूर ओसरून पाण्याला हिरवट झाक आली की जाणते लोक निघतात. माणूस चालतो तेवढ्या वेगाने वाहणारे पाणी शोधायचे, मोठ्या दगडांच्या आडोशाची जागा पाहायची, आणि त्यातून आमिष सावकाश वाहू द्यायचे. पुन्हा फेकायचे, पुन्हा वाहू द्यायचे. कित्येक दिवस काहीच लागत नाही. बऱ्याच नद्यांवर गळाला उलटा काटा ठेवायला मनाई असते, म्हणजे मासा सोडताना त्याचे तोंड फाटत नाही. ठेवलेल्या माशाची नोंद जागच्या जागी करावी लागते.

आता त्या पराकडे येऊ. सरकारी आणि आदिवासी जमातींच्या मत्स्यबीज केंद्रांत पिल्ले वाढवून नदीत सोडतात. सोडण्याआधी बहुतेकांचा तो मऊ पर कापतात. ती खूण असलेला मासा माणसाने वाढवलेला, तो घ्यायला हरकत नाही. पर शाबूत असलेला स्टीलहेड बहुधा नदीचा स्वतःचा. असे मासे आता फार थोडे उरले आहेत. सिअॅटल शहराच्या आसपासच्या प्युजेट साउंड भागातला चिनूक १९९९ साली आणि स्टीलहेड २००७ साली धोक्यातल्या जीवांच्या यादीत गेला.

इथे आपल्या घरात कोणीतरी विचारेल, आणि विचारायलाच हवे, की खायचा नसलेला मासा गळाला लावून, दमवून, मग सोडायचा, हा कसला शौक? जिवाला त्रास द्यायचा तर गरजेपुरता, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. तिथल्या मूळ रहिवाशांपैकीही अनेक जण म्हणतात की हे अन्नाशी खेळणे झाले. सोडलेल्या माशांपैकी काही मरतात, हेही खरे. म्हणून कित्येक गळवाले पाणी तापले की नदीवर जात नाहीत, आणि मासे कमी आले की सरकार नद्या बंद करते. तरी हा प्रश्न मिटलेला नाही. तो तिथल्या लोकांनाही छळतो.

मासे इतके कमी झाले कशाने? एकट्या कोलंबिया नदीत एके काळी दर वर्षी १ कोटी ते १ कोटी ६० लाख सॅमन आणि स्टीलहेड येत असावेत, असा जाणकारांचा अंदाज आहे. मग डबाबंद माशांचे कारखाने आले, जंगलतोड झाली आणि धरणे आली. १९४२ मध्ये पूर्ण झालेल्या ग्रँड कूली धरणात माशांना वर जायला वाटच ठेवली नव्हती. १० मार्च १९५७ रोजी द डॅलेस धरणाचे दरवाजे बंद झाले आणि सेलिलो धबधबा काही तासांत पाण्याखाली गेला. तिथे हजारो वर्षे माणसे लाकडी मचाणांवर उभी राहून जाळ्याने सॅमन पकडत आली होती.

ही माणसे म्हणजे तिथल्या जमाती. त्यांना एक शब्द दिलेला होता. १८५४-५५ मध्ये गव्हर्नर आयझॅक स्टीव्हन्स यांनी त्यांच्याशी करार केले. पहिला करार २६ डिसेंबर १८५४ रोजी मेडिसिन क्रीक या ओढ्याकाठी झाला. जमातींनी आपली बहुतेक सारी जमीन दिली. बदल्यात एक गोष्ट राखून ठेवली, ती म्हणजे आपल्या नेहमीच्या जागांवर, इतर नागरिकांच्या बरोबरीने, मासे पकडण्याचा हक्क.

दोन भाषा शिकवणाऱ्या माझ्यासारखीला या करारातली एक गोष्ट फार लागते. बोलणी ना इंग्रजीत झाली, ना जमातींच्या भाषेत. ती झाली चिनूक जार्गन नावाच्या, काही शेकडा शब्दांच्या बाजारबोलीत. मीठ-कापडाच्या देवघेवीची ती बोली, आणि तिच्यातून एका पूर्ण लोकसमूहाचे भवितव्य ठरले. कागदावर मात्र इंग्रजी उतरले. पुढे राज्य सरकार म्हणू लागले की ‘बरोबरीने’ म्हणजे इतरांसारखेच, तेव्हा आमचे नियम तुम्हालाही लागू. जमातींचे लोक आपल्याच नदीत जाळे टाकताना पकडले जाऊ लागले.

निस्क्वाली जमातीचे बिली फ्रँक १९४५ साली पहिल्यांदा पकडले गेले तेव्हा चौदा वर्षांचे होते. पुढे त्यांना पन्नासहून अधिक वेळा अटक झाली. १९६० च्या दशकात जमातींनी सत्याग्रहासारखा मार्ग धरला. उघडपणे जाळी टाकायची आणि अटक करून घ्यायची. मार, अश्रुधूर, जप्त होड्या, सगळे सोसले. अखेर प्रकरण न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांच्यापुढे गेले. करार जमातींना त्या वेळी जसा समजला असेल तसाच वाचला पाहिजे, हे तत्त्व त्यांनी धरले. १२ फेब्रुवारी १९७४ रोजी त्यांनी निकाल दिला की ‘बरोबरीने’ म्हणजे वाटून घेणे. पकडण्याजोग्या माशांपैकी निम्म्यापर्यंत वाटा जमातींचा. गोरे मच्छीमार आणि गळवाले इतके चिडले की न्यायाधीशांचे पुतळे जाळले गेले. पण १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल मुळात कायम ठेवला. आज नदीवर कोणी, कधी, किती मासे घ्यायचे हे राज्य आणि जमाती दर वर्षी एकत्र बसून ठरवतात.

पण वाटा मिळाला तरी मासेच नसतील तर वाटायचे काय? म्हणून जमातींनी पुढचा मुद्दा मांडला. रस्त्यांखालच्या मोऱ्या मासे अडवतात, त्या दुरुस्त करा. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मते समसमान पडली आणि त्यामुळे जमातींच्या बाजूचा खालचा निकाल कायम राहिला.

यापुढची हकिकत एल्वा नदीची आहे. १९१३ मध्ये या नदीवर मुखापासून सुमारे ८ किलोमीटरवर धरण बांधले. माशांना वाट ठेवणे राज्याच्या कायद्याने बंधनकारक असतानाही ती ठेवली नाही. १९२७ मध्ये वर दुसरे धरण झाले. शंभर वर्षे सॅमन येत राहिले आणि भिंतीला धडकून खालीच अंडी घालत राहिले. लोअर एल्वा क्लॅलम जमात पिढ्यान्‌पिढ्या मागत राहिली की नदी मोकळी करा. २०११ ते २०१४ या काळात दोन्ही धरणे पाडली गेली. मग उन्हाळ्यात येणारे स्टीलहेड नदीत पुन्हा दिसू लागले. ते कुठून आले? शास्त्रज्ञांनी वंश तपासला तर धागा जुळला तो धरणाच्या वर अडकून पडलेल्या रेनबो ट्राउटशी. ज्यांच्या कित्येक पिढ्यांनी समुद्र पाहिला नव्हता, त्यांच्यातले काही वाट उघडताच समुद्रात जाऊन परत आले. नदीवर मासेमारी बंदच ठेवली होती. २०२३ च्या शरद ऋतूत जमातीने आपल्या विधींसाठी आणि खाण्यासाठी मोजके कोहो पकडले. आयुष्यभर वाट पाहिलेल्या बुजुर्गांना आपल्या नदीचा मासा मिळाला.

हे सारे दूरचे वाटले तर आपला हिलसा आठवा. किनाऱ्यावर त्याला पाला म्हणतात. तोही समुद्रातून नदीत चढतो. भडोचला नर्मदेत तो पावसाळ्यात येतो. गंगेत तो एके काळी अलाहाबादपर्यंत आणि त्याच्याही वर जायचा. १९७५ मध्ये फरक्क्याचा बंधारा सुरू झाला आणि ती वाट जवळजवळ बंद झाली. अलाहाबादच्या मल्लाहांशी कोणी करार केला नव्हता. म्हणून त्यांच्या बाजूने वाचायला एखादा कागदही नाही.

आपल्या हाती धरण नाही, न्यायालय नाही, पण पिशवी आहे. आपल्या समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, कारण तो बहुतेक माशांच्या प्रजननाचा काळ. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकारही ठरवून दिला आहे. तरी तळहातापेक्षा लहान पापलेटांचे वाटे बाजारात दिसतात, आणि स्वस्त म्हणून आपण ते उचलतो. पुढच्या वेळी मुलांना बाजारात सोबत न्या. कल्ला कसा पाहायचा ते दाखवा, डोळा कसा पाहायचा ते दाखवा. मग पिल्लांच्या वाट्यापाशी थांबून तो का घ्यायचा नाही, तेही सांगा. ताज्या माशाची पारख नानीने दिली. ही दुसरी पारख आपण द्यायची आहे.